बॅकहँड बघून शिकायचा तर रॅकेटकडं नाही, खांद्याकडं बघा

नांदेडच्या एका भावानं विचारलंय. वय ३६, शाळेत शिक्षक, चार वर्षांपासून आठवड्यातून तीन दिवस सकाळी सिमेंटच्या कोर्टवर टेनिस खेळतात. आधी दोन हातांचा बॅकहँड (उजव्या हाताच्या खेळाडूचा डाव्या बाजूचा फटका) होता, सहा महिन्यांपूर्वी फेडररचे जुने सामने बघून एका हातावर आले. रोज रात्री अर्धा-पाऊण तास फेडरर, वावरिंका, जोकोविच यांचे स्लो मोशन बघतात, सकाळी तसंच मारायला जातात आणि बॉल एकतर नेटमध्ये नाहीतर मागच्या जाळीवर. मित्रानं हातानं सावकाश टाकलेला बॉल मात्र छान जातो, रॅली (एकमेकांकडं सलग बॉल मारणं) सुरू झाली की बिघडतं. प्रश्न असा की मोठ्या खेळाडूंचं बघून बॅकहँड खरंच सुधारतो का, आणि सुधारत असेल तर कुणाचं बघू.

भाऊ, मी संभाजीनगरला २१ वर्षं टेनिस शिकवायलोय, लहान पोरं पण असतात आणि तुमच्यासारखे नोकरी सांभाळून पहाटे येणारे पण, त्यामुळं हे जे तुमचं व्हायलंय ते मी लई वेळा बघितलंय. तुम्ही विचारलंय कुणाचं बघू, पण तुम्ही लिहिलेलं सगळ्यात कामाचं वाक्य त्याच्या आधीचं आहे, सावकाश टाकलेला बॉल नीट जातो हे. म्हणजे तुमच्या हाताला स्विंग, रॅकेट फिरवायची हालचाल, येतोय. फेडररसारखा नसेल, पण बॉल पलीकडं नीट टाकण्याइतका येतोय. रॅलीत तोच हात, तीच रॅकेट, तोच माणूस, बदलतो फक्त वेळ. तर अडचण स्विंगच्या आकाराची कमी आणि तयारीला उशीर होण्याची जास्त आहे, आणि तुम्ही रोज रात्री पाऊण तास बघायलेत तो स्विंगचा आकार. बघणं चांगलंच आहे, नजर चुकीच्या जागी आहे एवढंच.

आपली नजर आपोआप जिथं जास्त हालचाल असते तिथं जाते. बॅकहँडमध्ये जास्त हालचाल रॅकेटची, ती मागं जाते, खाली येते, जोरात वर जाते, शेवटी फेडररचा हात पंखासारखा उघडतो आणि फोटो पण सगळे त्याच क्षणाचे निघतात. पण तो क्षण बॉल गेल्यानंतरचा आहे. बॉल तारांवर असतो किती वेळ, एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले चार-पाच. एवढ्या वेळात कुणीही, जोकोविच पण, मुद्दाम काही करू शकत नाही, मनगट फिरवू म्हणलं तर फिरवेपर्यंत बॉल गेलेला असतो. त्यामुळं शॉट चांगला होणार की वाईट हे बॉल लागायच्या आधीच ठरून गेलेलं असतं, आणि माझ्या अनुभवात आपल्यासारख्या खेळाडूंचं तर बॉल आपल्या बाजूला टप्पा पडायच्या आधीच ठरलेलं असतं.

एक उदाहरण सांगतो. माझ्याकडं एक तेरा वर्षांची मुलगी खेळायची, दोन हातांचा बॅकहँड, दिसायला लई सुंदर, शॅडो स्विंग (बॉलशिवाय नुसता स्विंग) करायला लावला की बाकीची पोरं थांबून बघायची. मॅचमध्ये मात्र त्याच बाजूनं सगळे पॉइंट जायचे. तिचे वडील म्हणायचे सर हिच्या हातात ताकद नाही, डंबेल सुरू करू का. मी म्हणलं थांबा. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला, स्लो मोशनमध्ये दहा-बारा रॅल्या रेकॉर्ड केल्या, मग आम्ही तिघं कोर्टाच्या कडेच्या लिंबाखाली बसलो. उन्हात स्क्रीन दिसेना म्हणून तिनं डोक्याचा स्कार्फ काढून फोनवर धरला आणि बोटानं एक एक फ्रेम पुढं सरकवू लागली. मी फक्त एकच विचारलं, तुझा खांदा कधी फिरायला सुरू होतो ते सांग. समोरच्यानं मारलं, खांदा जागेवर. बॉल नेटवर आला, खांदा जागेवर, नुसते पाय चाललेत. बॉलचा टप्पा पडला आणि तेव्हा कुठं उजवा खांदा हलला. ती बघून गप्पच झाली. मग त्याच फोनवर जोकोविचची एक रॅली लावली आणि तोच प्रश्न. बॉल नेट ओलांडायच्या आतच त्याची पाठ थोडीशी समोरच्याला दिसू लागली होती, रॅकेट पण खांद्याबरोबर मागं गेलेली. ती म्हणली, सर याला कसं कळतं आधीच? हाच तो प्रश्न. तिनं शंभर व्हिडिओ बघितले असतील पण हे तिला दिसलं नव्हतं, कारण ती रॅकेट बघत होती.

तिला मी स्विंगबद्दल एक शब्द सांगितला नाही. फक्त एवढंच, समोरच्याच्या रॅकेटवरून बॉल निघाला आणि तो डावीकडं येतोय हे दिसलं की तोंडानं मोठ्यानं 'वळ' म्हणायचं आणि वळायचं. पहिला आठवडा तिला लई विचित्र वाटलं, लवकर वळून बॉलची वाट बघत उभं राहावं लागायचं, त्यात तिची लय बिघडली आणि आधीपेक्षा जास्त चुका झाल्या. साधारण महिन्याभरानं ते अंगात बसलं. स्विंग तोच, ताकद तीच, पण बॉल मधोमध लागायला लागला, आणि आवाजावरूनच कळायचं.

आता तुमच्या नेट आणि जाळीचं बघू. एका हाताच्या बॅकहँडला ग्रिप, म्हणजे रॅकेटची पकड, बदलावी लागते, हाताचा तळवा रॅकेटच्या वरच्या बाजूला यावा लागतो, ज्याला ईस्टर्न बॅकहँड म्हणतात. फोरहँडच्या (उजव्या बाजूच्या फटक्याच्या) ग्रिपवरून तिथं यायला वेळ लागतो. उशिरा वळलात तर ग्रिप अर्धवटच बदलते, रॅकेटचं तोंड आभाळाकडं उघडं राहतं आणि बॉल जाळीवर. दोन-तीन असे गेले की मन घाबरतं, पुढच्या वेळी आपण कोपर पुढं काढून मनगटानं बॉल खाली दाबतो आणि तो नेटमध्ये. म्हणजे दोन वेगळ्या चुका दिसल्या तरी मूळ एकच, उशीर. हे मी तुमचा खेळ न बघता लिहायलोय, त्यामुळं शंभर टक्के असंच असेल असं म्हणत नाही, पण सावकाश बॉल नीट आणि रॅलीत बिघाड हे लक्षण असलं की दहातल्या आठ जणांचं मला हेच सापडलंय.

मग मोठ्या खेळाडूंचं बघायचं काय. माझी पद्धत अशी की एकाच खेळाडूचं न बघता चार वेगवेगळ्या खेळाडूंचं बघायचं आणि चौघांमध्ये जे सारखं आहे तेवढंच उचलायचं. जोकोविच, सिनर, वावरिंका, जस्टिन एना (Justine Henin, बेल्जियमची पूर्वीची खेळाडू) असे चार घ्या. दोन दोन हातांचे, दोन एका हाताचे, एना तर उंचीनं पाच फूट सहा इंचांच्या आसपास आणि तरी तिनं एका हाताच्या बॅकहँडवर फ्रेंच ओपन चार वेळा जिंकलंय, २००३ ला आणि मग २००५ ते २००७ सलग. हे चौघं रॅकेट मागं नेतात ती चार तऱ्हेनं. वावरिंकाचा स्विंग मोठा, जोकोविचचा त्यामानानं आटोपशीर. शेवट पण प्रत्येकाचा वेगळा. पण समोरचा मारतो त्या क्षणाला चौघंही एक छोटी उडी घेतात, स्प्लिट स्टेप, आणि त्या उडीतून उतरतानाच वळतात. वळताना हात एकटा मागं जात नाही, खांदे फिरतात आणि रॅकेट त्यांच्याबरोबर जाते, एका हाताच्या खेळाडूंचा डावा हात पण तोपर्यंत रॅकेटच्या गळ्याला धरलेला असतो. बॉल अंगाच्या पुढं लागतो. बॉल लागताना डोकं हलत नाही, आणि फेडररचं तर बॉल निघून गेल्यावर पण तोंड त्याच जागेकडं असतं. एवढ्या चार गोष्टी सगळ्यांत सापडतील, आणि जे सगळ्यांत सापडतं ते बॅकहँडचं असतं, जे एकातच सापडतं ते त्या माणसाच्या शरीराचं असतं.

जोकोविच कोपऱ्यात पाय फाकवून घसरत जातो आणि तिथून बॅकहँड मारतो ते बघायला लई भारी वाटतं, पण ती त्याच्या कंबरेची आणि मांड्यांची लवचिकता आहे, लहानपणापासून कमावलेली. ३६ व्या वर्षी आपल्या सिमेंटवर ते करायला गेलात तर घोटा किंवा गुडघा जाईल. माझ्या ओळखीच्या एका चांगल्या खेळाडूचा असाच गेला, सहा महिने बसून होता. कृपा करून ते करू नका.

टीव्हीचा कॅमेरा पण फसवतो. तो बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) मागं उंचावर असतो, त्यामुळं कोर्ट चपटं दिसतं, बॉल नेटला घासून जायलाय असं वाटतं. म्हणून आपण पण नेटच्या दोन इंच वरून मारायला जातो. कोर्टाच्या पातळीवरून घेतलेला व्हिडिओ बघा, बॉल किती वरून जातो ते बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. पुण्याला बालेवाडीत २०१८ ला एटीपीची (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची) स्पर्धा सुरू झाली तेव्हा मी पाच पोरं घेऊन रात्रीच्या गाडीनं गेलो होतो. त्या वर्षी जिल सिमाँ जिंकला, फायनलमध्ये केव्हिन अँडरसनला हरवून. अँडरसन केवढा उंच, आणि सिमाँ बारीक अंगाचा माणूस, त्याच्याकडं बघून हा जोरात मारत असेल असं वाटणारच नाही, पण जवळून बघितलं की कळतं की तो कायम वेळेवर आहे. माझ्या पोरांना सगळ्यात जास्त नवल वाटलं ते बुटांच्या आवाजाचं. टीव्हीवर तो येतच नाही. बॉलजवळ पोचल्यावर हे खेळाडू चार-पाच बारीक पावलं टाकतात, टकटकटक असा आवाज येतो, आणि मग मारतात. आपण दोन मोठ्या ढांगांत पोचतो आणि उरलेलं अंतर हात लांबवून भरून काढतो. परत येताना गाडीत पोरं त्या आवाजाचीच नक्कल करत होती, मला तेव्हाच वाटलं पैसे वसूल झाले.

आता एक हात की दोन हात. यावर लोक भांडतात, मी भांडणार नाही, पण विचारलंय तर माझं मत सांगतो. वय, खांद्याची ताकद, आठवड्याला किती तास खेळता, कोर्ट कसं आहे, या सगळ्यावर ते अवलंबून आहे. सिमेंटवर बॉल उसळतो, त्यात आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं गेला की गरम बॉल अजून उसळतो आणि बॅकहँडला खांद्याच्या उंचीवर येतो. एका हाताला सगळ्यात अवघड जागा तीच. नदालनं फेडररला वर्षानुवर्षं तिथंच त्रास दिला, डावखुरा टॉपस्पिन (बॉल पुढच्या बाजूला फिरवत मारलेला), टप्पा पडून खांद्याच्या वर. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या फायनलला फेडरर ३५ वर्षांचा होता, गुडघ्यामुळं सहा महिने बाहेर राहून आलेला, पाचव्या सेटमध्ये १-३ नं मागं होता आणि तिथून सलग पाच गेम घेऊन ६-३ नं सेट आणि स्पर्धा जिंकला. तो सामना तुम्ही बघितलाच असेल, पण परत बघा आणि या वेळी तो उभा कुठं राहतोय ते बघा. बॉल उसळून वर जायच्या आत, वर चढतानाच तो पुढं येऊन घेत होता. रॅकेट पण त्यानं तोपर्यंत मोठी केली होती, आधी ९० चौरस इंचांची वापरायचा, २०१४ पासून ९७ ची. म्हणजे जगातल्या सगळ्यात देखण्या बॅकहँडला पण स्विंग सुंदर असून भागलं नाही, बॉल लवकर घ्यावा लागला. आणि बॉल लवकर घेणं ही सगळ्यात जास्त सराव मागणारी गोष्ट आहे, आठवड्यातून तीन सकाळी खेळून ती येणं कठीण.

पीट सॅम्प्रस पण दोन हातांवरून एका हातावर आला होता, पण १४ वर्षांचा असताना, रोज कोर्टवर, शेजारी कोच, आणि तरी सुरुवातीला आधी हरवत होता त्या पोरांकडून हरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर एटीपी क्रमवारी १९७३ ला सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच असं झालं की पहिल्या दहात एका हाताचा बॅकहँड असलेला एकही माणूस नव्हता. एक हात संपला असं मी म्हणत नाही, त्याच वर्षी आपला रोहन बोपण्णा ४३ व्या वर्षी ऑस्ट्रेलियन ओपनचं डबल्स जिंकला, बॅकहँड एका हाताचाच. पण तो आयुष्यभर तोच मारत आलाय. तुमच्याकडं साडेतीन वर्षांचा दोन हातांचा बॅकहँड अंगात आहे. मी तुमच्या जागी असतो तर टॉपस्पिनला दोन हातांवर परत गेलो असतो आणि एक हात स्लाइससाठी (बॉल उलटा फिरवत मारायच्या फटक्यासाठी) ठेवला असता. अ‍ॅश बार्टीनं २०२१ चं विम्बल्डन आणि २०२२ चं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं तेव्हा ती हेच करायची, दोन हातांनी पण मारायची आणि एका हाताचा खालून सरपटत जाणारा स्लाइस पण. तुमचे सहा महिने त्यात वाया जात नाहीत, एका हाताच्या सरावानं तुमचा खांदा वळायला शिकलाय, तो स्लाइसला कामी येईल. पण मन एका हातावरच बसलं असेल तर तसं सांगा, खेळ शेवटी आनंदासाठी आहे आणि ते पण शिकवता येतं, वेळ जास्त लागेल एवढंच.

दोन हातांचा बॅकहँड मारताना एक गोष्ट डोक्यात ठेवा, तो डाव्या हाताचा शॉट आहे. उजवा हात खाली, हातोडी धरल्यासारखा, आणि डावा वर, डाव्या हातानं फोरहँड मारताना धराल तसा. नदालचं उलटं उदाहरण बघा, तो लिहितो उजव्या हातानं, टेनिस डाव्यानं खेळायचा, त्यामुळं त्याच्या बॅकहँडला वरचा हात म्हणजे त्याचा मूळचा ताकदीचा हात. आपल्याकडं ज्या पोरांनी आधी क्रिकेट खेळलंय त्यांच्यात मी एक गंमत बघितलीय, गांगुलीसारखे उजव्या हाताचे असून बॅटिंग डावखुरी करणारे पोरं दोन हातांचा बॅकहँड दोन दिवसांत उचलतात, कारण उभं राहणं आणि हातांची जागा जवळजवळ तीच. पण क्रिकेटची एक सवय मोडावी लागते. तिथं बॉल डोळ्याखाली येऊ द्यायचा शिकवतात, उशिरा खेळ म्हणतात. इथं पुढच्या पायाच्या पण थोडं पुढं घ्यायचा. तुम्ही क्रिकेट खेळला असाल तर हे नक्की तपासा.

आणि अंग कसं वापरायचं हे सांगायला मला जोकोविचच्या व्हिडिओपेक्षा घमेलं जास्त उपयोगी पडलंय. शेतात किंवा बांधकामावर मुरमाचं घमेलं दोन्ही हातांनी बाजूला फेकताना माणूस बघा. तो नुसत्या हातानं फेकत नाही, फेकता येतच नाही, वजन असतं. आधी तो मागच्या पायावर बसतो, कंबर वळते, मग पायातून जोर निघतो आणि हात शेवटी येतात. मी पोरांना खरंच अर्धं भरलेलं घमेलं देतो आणि डावीकडून समोर फेकायला लावतो, दहा वेळा. मग लगेच हातात रॅकेट. काही सांगावं लागत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर, तुमचा बिघाड बहुतेक उशिरा वळण्याचा आहे, बघायचं ते चौघांत सारखं असलेलं, आणि दोन हातांवर परत या असं माझं मत. आता बघायचं आणि करायचं कसं ते सांगतो.

रोज पाऊण तास बघू नका. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं पुरे, पण प्रश्न घेऊन बसा. एका वेळी एकच प्रश्न. पहिला आठवडा फक्त खांदा कधी वळतो. आवाज बंद करा, आधी नेहमीच्या वेगानं पाच-सहा वेळा बघा म्हणजे लय डोळ्यात बसते, मग स्लो. नुसतं स्लो मोशन बघणाऱ्याचा स्विंग पण सावकाश आणि तुटक होतो, हे मी बघितलंय. आणि शॉट मारणाऱ्याकडं बघायला समोरच्यानं मारल्यापासून सुरुवात करा, बॉल याच्याजवळ आल्यावर नाही, कारण शिकायचं ते त्या मधल्या वेळात आहे.

मग स्वतःचं रेकॉर्डिंग. हे केल्याशिवाय दुसऱ्याचं बघण्याला अर्थ नाही, कारण आपण काय करायलोय हे आपल्याला आतून कळत नाही, मला पण नाही कळत. फोन स्लो मोशनला लावा, सेकंदाला २४० फ्रेमची सोय असेल तर तीच घ्या. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात, बॉल रॅकेटला लागायचा क्षण दोन फ्रेमच्या मधे हरवून जातो. २४० ला एक फ्रेम साधारण चार मिलिसेकंदांची, म्हणजे बॉल तारांवर असलेली एक फ्रेम मिळायची चांगली शक्यता. उजव्या हाताचे असाल तर फोन तुमच्या डावीकडं, बेसलाइनच्या सरळ रेषेत, कंबरेच्या उंचीवर ठेवा. बॅकहँडला छाती तिकडं वळते, त्यामुळं बॉल अंगाच्या पुढं लागला की शेजारी लागला ते स्वच्छ दिसतं. उजवीकडं ठेवलात तर नुसती पाठ दिसेल. एक अडचण, डावीकडून समोरचा खेळाडू दिसत नाही, तर त्याच्या मारण्याचा आवाज ऐका, आवाजापासून तुमचा खांदा हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा आणि वहीत लिहा. दर पंधरा दिवसांनी तो आकडा कमी व्हायला पाहिजे. शिक्षक आहात, मार्क लिहायची सवय आहेच.

कोर्टवर पहिले दहा मिनिटं फक्त डाव्या हातानं फोरहँड, रॅकेट थोडी वर धरून, सर्व्हिस लाइनवरून (नेट आणि बेसलाइनच्या मधल्या रेषेवरून), हळू. सुरुवातीला बॉल कुठंही जाईल, जाऊ द्या. मग उजवा हात नुसता टेकवायचा आणि तसंच मारायचं. त्यानंतर रॅली, पण पॉइंट न मोजता, आणि 'वळ' मोठ्यानं म्हणत. लोक बघतील, बघू द्या. रॅलीत बॅकहँड तिरका मारा, क्रॉसकोर्ट. नेट मधोमध ०.९१४ मीटर उंच असतं आणि खांबापाशी १.०७, शिवाय सिंगल्स कोर्टाची सरळ लांबी २३.७७ मीटर तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत साधारण २५.१५, म्हणजे तिरक्या शॉटला नेट बुटकं आणि जागा जवळजवळ दीड मीटर जास्त. सरळ डाऊन द लाइन मारायचा मोह पहिले दोन महिने आवरा. मॅच खेळूच नका असं म्हणत नाही, पण मॅचमध्ये जुनी सवय परत येणार हे धरून चाला, त्या दिवशीचा हिशोब वहीत धरायचा नाही.

जोडीदार नसेल त्या दिवशी भिंत चालते, पण भिंतीवरून बॉल लवकर येतो म्हणून दोन टप्पे पडू द्या, नाहीतर तीच घाईची सवय पक्की होते. शक्य असेल तर लहान मुलांचे हिरव्या ठिपक्याचे बॉल मागवा, नेहमीच्या बॉलपेक्षा साधारण २५ टक्के मंद असतात. मोठ्या माणसांना ते वापरायला लाज वाटते, पण वळायची सवय लावायला त्याच्यासारखं दुसरं साधन मला सापडलेलं नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण सांगायलाच पाहिजे. एका हातानं उशिरा आणि मनगटानं मारत राहिलं की कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखायला लागतं, टेनिस एल्बो. पाण्यानं भरलेला तांब्या उचलताना किंवा फळ्यावर लिहिताना तिथं कळ येत असेल तर बॅकहँड त्याच दिवशी थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरला किंवा फिजिओला दाखवा. मी तरुणपणी लातूरला असताना हे अंगावर काढलं, मोठ्या खेळाडूंसारखी पॉलिएस्टरची कडक तार लावली होती आणि ती वर्षभर काढलीच नाही. ते लोक सामन्यात बॉल बदलले की रॅकेट पण नवीन तारेची घेतात, आपण मेलेली तार महिनोन् महिने वापरतो आणि सगळा धक्का कोपरावर जातो. चार महिने मला चहाचा कप डाव्या हातानं धरावा लागला. तुमच्या रॅकेटला कोणती तार आहे आणि कधी लावलीय ते बघा, कडक असेल तर मऊ मल्टिफिलामेंट लावून घ्या आणि ताण दोन-तीन पाउंड कमी करायला सांगा.

तर या रविवारी दहा बॅकहँड रेकॉर्ड करा, डावीकडून, आणि समोरच्याच्या आवाजापासून खांदा हलेपर्यंतच्या फ्रेम मोजून दहाही आकडे इथं लिहा. एका हाताचे पाच आणि दोन हातांचे पाच असे केलेत तर अजून चांगलं, मग एक हात ठेवायचा की सोडायचा हे माझ्या मतापेक्षा त्या आकड्यांवरून ठरवू.